मायपाय: पॅटर्न शॉपमधल्या चित्रांसाठी वापरून बघितलं

मायपाय म्हणजे पायथॉन भाषेतला प्रोग्राम न चालवता त्यातल्या चुका शोधणारं साधन. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवायचं दुकान. लाकूड कापण्याआधी फ्लँज (पाइप जोडायची भोकांची चकती) स्क्रीनवर बघता यावा म्हणून मी पायथॉन आणि पायक्यूटी५ (खिडक्या, बटणं, चित्रं काढून देणारी लायब्ररी) मध्ये प्रोग्राम लिहिला. फ्लँजचा एक क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारा साचा), भोकाचा दुसरा. जुन्या कॉम्प्युटरवर पायथॉन ३.८ होतं. नव्यावर ३.१० घातलं आणि खिडकी उघडल्या उघडल्या बंद. मिस्त्री म्हणाले, ‘ताई, काल तर चालत होतं की!’

आयकॉनवरून काही कळेना. टर्मिनलमधून चालवल्यावर टाइपएरर दिसला: गोल काढणाऱ्या ड्रॉएलिप्स फंक्शनला इंट (पूर्णांक) हवा होता, हातात पडला फ्लोट (दशांश संख्या). बिडाचं कास्टिंग थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही मापं १.०१ ने गुणतो. भोकांच्या जागा साइन-कोसाइनने निघतात. पूर्णांक उरणार कुठून? ३.८ अपूर्णांक परस्पर छाटून टाकायचं, ३.१० ते नाकारतं.

अशी ठिकाणं आधीच सापडावीत म्हणून मायपाय घेतलं. मोफत आहे, पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या कमांडने) बसतं. सोबत पायक्यूटी५-स्टब्ज (तिच्या फंक्शनांच्या टाइपची यादी) बसवले, म्हणजे कुठल्या फंक्शनला काय चालतं ते त्याला कळतं. पहिल्यांदा चालवलं तर उत्तर आलं: ‘सक्सेस’! प्रोग्राम तर समोर बंद पडत होता. कारण असं की, ज्या फंक्शनला टाइप (इंट, फ्लोट असे माहितीचे प्रकार) लिहिलेले नाहीत त्याच्या आत मायपाय मुळात बघतच नाही, आणि माझा पेंटइव्हेंट, म्हणजे खिडकीत चित्र काढणारं फंक्शन, तसाच होता. चेक-अनटाइप्ड-डेफ्स हा पर्याय चालू केल्यावर एकेक ओळ नंबरासकट पुढ्यात आली. नवशिक्याची इथे साफ दिशाभूल होते. त्यासाठी पाचातला एक तारा मी कापते.

बाकी काम चोख. भोकाभोवतीची चौकट देणारी मेथड (क्लासमधलं फंक्शन) एका बटणाच्या कोडमध्ये कंस न घालता तशीच ड्रॉएलिप्सला दिली होती, तेही त्याने पकडलं. चौकटीऐवजी मेथडच जात होती. ते बटण आम्ही क्वचित दाबतो, त्यामुळे एरवी कधी सापडलं असतं कोण जाणे.

एक कळकळीनं सांगते, एरर दिसला की लगेच इंट लावून गप्प करू नका. १२० मिमी त्रिज्येवर ४५ अंशाचं भोक ८४.८५ वर येतं, इंट केलं की ८४. पाऊण मिलिमीटरहून जास्त सरकलं! चौकट क्यूरेक्टएफ (पायक्यूटी५ मधला आयताचा क्लास) ने द्या, ती फ्लोट घेते. चित्र खरं राहतं आणि मायपायही समाधानी.

मिलिमीटर आणि पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) यांची अदलाबदल मात्र मायपाय आपणहून पकडत नाही, दोन्ही फ्लोटच. न्यूटाइप (जुन्या टाइपला वेगळं नाव देणारी पायथॉनची सोय) वापरून मी दोन वेगळे टाइप केले. गुणाकार केला की उत्तर पुन्हा साधा फ्लोट होतं, परत त्या टाइपमध्ये गुंडाळावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण मोठ्या फ्लँजच्या फाइलींसाठी मी ते करतेच.