फेट सिम्युलेशन्स : वर्गात वापरून बघितलं, त्याबद्दल थोडं

विज्ञान शिकवणाऱ्यांनी फेट (PhET, म्हणजे स्क्रीनवर स्वतः प्रयोग करून बघायची सिम्युलेशन्स) वापरलं नसेल तर एकदा बघाच. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प आहे, फुकट आहे आणि ब्राउजरमध्ये चालतो. मला सगळ्यात आवडलं ते सर्किटवालं. बॅटरी, वायर, बल्ब ओढून जोडायचे, वायरीतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि कोणी शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला चक्क आग लागते, मग काय, अख्खा वर्ग तेच करत बसतो! पण त्यातूनच रेझिस्टन्स म्हणजे काय ते जेवढं डोक्यात बसतं तेवढं माझ्या फळ्यावरच्या आकृतीने कधी बसलं नव्हतं, खरं सांगते.

एक मात्र आहे, नुसतं प्रोजेक्टरवर दाखवून काही होत नाही. आधी विचारायचं, दुसरा बल्ब जोडला तर पहिल्याचा उजेड कमी होईल का? वहीत उत्तर लिहून घ्यायचं आणि मगच बटण दाबायचं. नेटचा भरवसा नसेल तर नवीन एचटीएमएल५ वाली (थेट ब्राउजरमध्ये चालणारी) सिम्युलेशन्स घरून डाउनलोड करून न्या, ऑफलाइन चालतात. काही मराठीतही आहेत. जुनी फ्लॅशवाली (फ्लॅश हे आता बंद झालेलं सॉफ्टवेअर लागणारी) मात्र आता साध्या ब्राउजरमध्ये चालत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. आणि खऱ्या वायरी हातात द्यायच्या त्या द्याच, स्क्रीनवर लूज कनेक्शन कुठे सापडतंय!