मनमानी अटक आणि जिनिव्हाचा कार्यगट: तातडीचा अर्ज आधी, पण तेवढ्यावर थांबू नका

देशातली न्यायालयं तारखांवर तारखा देताहेत, माणूस आत आहे आणि तब्येत ढासळतेय. अशा वेळी नातेवाईक, वकील किंवा संघटना थेट अर्ज करू शकतील अशा जागा जगात मोजक्याच. संयुक्त राष्ट्रांचा मनमानी अटकेविषयीचा जिनिव्हातला कार्यगट ही त्यांतली एक. स्थापना १९९१ची, तज्ज्ञ पाच, तेही बिनपगारी. फी नाही. मुख्य म्हणजे, 'आधी देशातले सगळे कायदेशीर मार्ग संपवून या' ही अट इथे नाही.

अर्जाच्या खिडक्या दोन: साधी आणि तातडीची. साध्या अर्जावर सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात, मुदतवाढ मागितली तर आणखी एक महिन्यापर्यंत. मग उत्तर अर्जदाराकडे येतं, त्याचं म्हणणं घेतलं जातं आणि वर्षातल्या तीनपैकी एखाद्या अधिवेशनात अटक मनमानी आहे की नाही यावर कार्यगट मत देतो. तातडीच्या खिडकीत ही वाट पाहणं नाही. अटक मनमानी असल्याचे आरोप पुरेसे विश्वसनीय असतील आणि अटक लांबल्यास जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर त्या व्यक्तीच्या जीविताचा आणि प्रकृतीचा मान राखा, असं पत्र सरकारला थेट जातं.

ही रचना बरोबर आहे. इन्सुलिन बंद झालेल्या कैद्याचं प्रकरण अधिवेशनाची वाट पाहत ठेवण्यात अर्थ नाही. पण किंमतही समजून घ्या: तातडीचं पत्र निव्वळ माणुसकीच्या नात्याने लिहिलेलं असतं. अटक बेकायदा आहे असं त्यात कुणी ठरवत नाही. सरकारने औषध दिलं की पत्राचं काम झालं, माणूस आतच. म्हणून तातडीचा अर्ज गेला की लगेच साधा अर्ज तयार करायला घ्या. पहिल्या पत्रानंतर कार्यगट तेच प्रकरण साध्या मार्गाने चालवू शकतो आणि सरकारला दोन्हींची उत्तरं वेगवेगळी द्यावी लागतात.

बहुतेक अर्ज लंगडे पडतात ते लेखनात. आठ पानं राजवटीचा इतिहास आणि अटकेची तारीख सातव्या पानावर! पहिल्याच पानावर हवं ते असं: पूर्ण नाव, राष्ट्रीयत्व, अटकेची तारीख, वेळ, ठिकाण, कोणत्या दलाने नेलं, वॉरंट दाखवलं का, कोणतं कलम लावलं, न्यायाधीशापुढे कधी उभं केलं, सध्या कुठे ठेवलंय. तातडीसाठी त्याखाली आजाराचं नाव, औषध, डोस, कोणत्या तारखेपासून मिळालेलं नाही आणि हे कुणाकडून कळलं. 'त्यांचा छळ होत असावा' या वाक्याचा उपयोग शून्य. 'अमुक तारखेच्या भेटीत वकिलाने मनगटावर ताज्या जखमा पाहिल्या' याचा भरपूर. कार्यगटाची छापील प्रश्नावली आहे, तीच भरा. मजकूर २० पानांच्या आत ठेवा, जास्तीचं विचारात घेतलं जाईलच असं नाही.

साध्या अर्जात प्रकरण पाचपैकी कोणत्या प्रकारात बसतं ते सांगायचं असतं: कायदेशीर आधारच नाही, हक्क बजावल्याबद्दल अटक, न्याय्य सुनावणीचा भंग, आश्रय मागणाऱ्यांची प्रशासकीय कोठडी, भेदभाव. एकाहून जास्त चालतात, पण पाचही ठोकून दिले की खरा मुद्दा बुडतो. अर्जदाराचं नाव सरकारला कळवलं जात नाही. कैद्याचं मात्र कळवावंच लागतं, तेव्हा घरच्यांशी आधी बोला. आणि माणूस सुटला किंवा दुसऱ्या तुरुंगात हलवला तर लगेच कळवा. सुटकेनंतर प्रकरण बंद होऊ शकतं, तरी मत देण्याचा अधिकार कार्यगट राखून ठेवतो. ते हवं असेल तर तसं लिहून मागा.

कायदे आणि पद्धती बदलाव्यात म्हणून सरकारांना सुचवण्याचं संथ कामही याच पाच जणांकडे आहे. त्यासाठीच्या देशभेटी सरकारने बोलावलं तरच होतात. अटकेला न्यायालयात आव्हान देण्याच्या हक्काविषयीची तत्त्वं त्यांनी २०१५मध्ये मानवाधिकार परिषदेपुढे मांडली. चांगला, दुर्लक्षित दस्तऐवज आहे, अर्जात जरूर वापरा. जिवाला, शरीराला किंवा मनाला गंभीर धोका नसलेली प्रकरणं तातडीच्या खिडकीत कोंबणारे याच कामाचा वेळ खातात, शिवाय खरोखर मरणाच्या दारात असलेल्यांचाही.

दुबळी बाजू अंमलबजावणीची. मत बंधनकारक नाही. सरकारला आधी पाठवतात, ४८ तासांनी अर्जदाराला. सहा महिन्यांत काय केलं ते दोघांनाही विचारलं जातं आणि सरकार गप्प बसलं तर कार्यगटाकडे वार्षिक अहवालात नोंद करण्यापलीकडे फारसं काही उरत नाही. मताचा खरा उपयोग बाहेर होतो: देशातल्या जामीन अर्जाला जोडायला, दूतावासांपुढे ठेवायला, पत्रकारांच्या हाती द्यायला. माझे गुण: तातडीच्या खिडकीला पाचपैकी चार, साध्या प्रक्रियेला साडेतीन, पाठपुराव्याला दोन.