खर्रा थुंकून दिलेली लाळ आणि 38.6 चा आकडा

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी 22 वर्षं काढली. कानात बोळे घाला असं तिथं कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी आम्ही घातले असते का, देव जाणे. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत रातकिड्यासारखी किर्र चालू आहे. दिवसा भागतं. रात्री गाव झोपलं की ती जागी होते. मग झोप नाही, चिडचिड, आणि राग निघतो बायकोवर.

दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा चुकारा हाती आला त्याच आठवड्यात आमच्या गावात (राळेगाव तालुका) भोंगा लावून ऑटो फिरला. कानात आवाज येतो? टेन्शनची तपासणी लाळेतून! समाजमंदिरात शिबिर होतं. पांढऱ्या कोटातला पोरगा मोठा गोड बोलायचा. "काका, कानात पाहून डॉक्टरले काही सापडलं नसंन. कसं सापडंन? आवाज तर डोक्यात हाय." खरंच काही सापडलं नव्हतं, म्हणून ते वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं.

दुपारचे तीन वाजले होते. तोंडातला खर्रा (तंबाखू-सुपारीचा) थुंकलो, वरून चहा घेतला, आणि कापसाचा बोळा चावून नळीत टाकला. पोरानं काही विचारलं नाही. दहा मिनिटांत रंगीत कागद आला: स्ट्रेस हार्मोन 38.6, लाल अक्षरात. कशाचे 38.6, ते लिहिलंच नव्हतं. तपासणीचे 1,800 आणि 'मानसोपचार पॅकेज'चे 16,500, बारा बैठका, 21 दिवसांत आवाज बंद. अर्धे रोख दिले, अर्धे मोबाइलवरून. बैठक म्हणजे फोनवर एक बाई म्हणायची, डोळे मिटा, समुद्र आठवा. मी समुद्र पाहिलाच नाही. मी वर्धा नदी आठवायचो.

सहाव्या बैठकीनंतर पुन्हा लाळ, पुन्हा 1,800. आकडा आला 19.3. बरोबर अर्धा! कान मात्र तसाच किर्र करत होता. इथं माझं डोकं फिरलं. कागद म्हणतो उतार पडला, मग माझाच कान खोटा असेल, असं वाटायला लागलं. लोकांना सांगितलं, फरक पडला. शेजारच्या काकूंना मीच शिबिरात घेऊन गेलो. त्यांनी बचत गटाचे पैसे भरले. हे लिहिताना हात जड होतो.

उलगडा झाला तो साळ्यामुळे. त्याच्या कानाला काहीच नाही, गंमत म्हणून त्यानंही तपासणी केली होती. पोळ्या खाता खाता त्यानं कागद दाखवला: 38.6. काकूंचा पाहिला: 38.6. "भाऊजी, तिघायचं टेन्शन एकाच मापाचं काहून?"

मग सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली: बारीक, उंच आवाज दोन्ही कानांना कमी ऐकू येतात, जिनिंगच्या गोंगाटाची ही नेहमीची खूण. ऐकणं कमी झालं की मेंदू ती पोकळी स्वतःच्या आवाजानं भरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. एकाच कानात आवाज आहे का, नाडीबरोबर ठोके पडतात का, अचानक ऐकू येणं बंद झालं का, हेही विचारलं. तसं असेल तर वेगळ्या तपासण्या लागतात आणि थांबून चालत नाही.

त्या शिबिरवाल्यांनी शब्द खरे उचलले होते, म्हणून तर आम्ही फसलो. ते स्ट्रेस हार्मोन, कॉर्टिसॉल नावाचं, खरंच आहे. पण ते सकाळी उठल्यावर चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास उतरतं, त्यामुळे दुपारी तीनच्या एका नमुन्यावरून काही ठरत नाही, त्यात खर्रा आणि चहा. केसांतूनही मोजतात, केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून तीन सेंटीमीटरमध्ये तीन महिन्यांचा हिशोब. पण टेन्शन मोजायला म्हणून हे सगळं अजून संशोधनाचं काम. कानातल्या आवाजाचं निदान करेल असा आकडा आज कोणाकडेच नाही.

मानसोपचारही खरा आहे. सीबीटी म्हणतात त्याला, विचार करायची आणि वागायची सवय बदलायला शिकवतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 28 अभ्यास पाहून म्हटलंय की त्यानं आवाजाचा त्रास कमी होऊ शकतो. त्रास, आवाज नव्हे. सेवाग्रामच्या मानसतज्ज्ञ मॅडमनी आधी आवाजाचा किती त्रास होतो याचा 25 प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आवाज जाईलच, असं मी म्हणणार नाही." या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. आता रात्री पंखा चालू ठेवतो, रेडिओ बारीक लावतो, आणि किर्र सुरू झाली की 'आता मी संपलो' असं म्हणणं सोडायला शिकतोय. काही रात्री जमतं.

शिबिरवाल्यांचा फोन बंद आहे. पावतीवर ना पत्ता, ना नोंदणी क्रमांक. बैठका घेणाऱ्या बाईंची भारतीय पुनर्वास परिषदेत (क्लिनिकल मानसतज्ज्ञांची नोंद तिथं असते) नोंदणी आहे का, हे विचारायला हवं होतं, पण तेव्हा अशी परिषद असते हेच ठाऊक नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, आणि मोबाइलवरून गेलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 वर. काकूंचा अर्ज मीच लिहून दिला. राळेगाव, कळंब, देवळी भागात कोणाकडे 38.6 चा रंगीत कागद असेल, तर चुलीत घालू नका. आमच्या अर्जाला तसे तीन जोडलेत, चौथा हवाय.