बायपासची तारीख लांबली: वॉर्डात थांबावं की घरी?

अँजिओग्राफी झाली, बायपास ठरली आणि तारीख पुढे गेली. मग डॉक्टर विचारतात, ‘इथेच थांबता, की घरी जाता?’ हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा असेल किंवा बसल्याजागी छातीत दुखत असेल, तर प्रश्नच नाही, दाखल राहायचं. डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या असतील, तर मात्र पेशंटच्या मनाचाही विचार करा.

वॉर्डात जिवाची धास्ती कमी. कळ आली की लगेच ईसीजी निघतो. शेजारच्या खाटेवरचा माणूस ऑपरेशन होऊन चालायला लागलेला दिसतो. तेवढा धीर आपण नातेवाईक कितीही बोललो तरी देऊ शकत नाही. वाईट असतं ते ऐनवेळी रद्द होणं. माझ्या वडिलांची छाती-पाय भादरले, रात्रीपासून उपाशी ठेवलं आणि सकाळी अकराला निरोप आला: इमर्जन्सी आलीय, आयसीयूत खाट नाही. पहिल्या वेळी ते चिडले. दुसऱ्या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपले, जेवायलाही उठेनात. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी झोप लागते, आपलं अंथरूण असतं, अळणी का होईना घरचं जेवण मिळतं. पण उशाशी सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी), बाथरूमला कडी लावायची नाही, फोन वाजला की सगळे दचकणार. त्यात भेटायला येणारे: ‘अजून झालं नाही?’ कमावत्या माणसाला तर रिकामं बसणंच खातं.

माझा कौल असा: तारीख हातात असेल आणि हॉस्पिटल तासाभरावर असेल, तर घर. गाव लांब असेल किंवा नुसतं ‘फोन करू’ म्हणत असतील, तर खाट सोडू नका. निघायचंच झालं, तर फोन कोण करणार हे नावानिशी विचारून घ्या. क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी गोळी ऑपरेशनच्या साधारण पाच दिवस आधी बंद करतात; तारीख सरकली तर गोळी पुन्हा सुरू करायची का, हेही विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असाल, तर योजनेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात लवकरची तारीख मिळते का, हे आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) काढा. आम्हाला हे उशिरा सुचलं.

पेशंट दोन आठवडे उदास असेल, झोप-भूक गेली असेल, तर सर्जनला सांगा. ऑपरेशनआधीचं नैराश्य नंतरच्या बरं होण्यालाही मागे ओढतं. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.