वसंताच्या तोंडावर दोन उपयोगी वस्तू: हवेवर चालणारा स्पंज फिल्टर आणि मातीचे पसरट भांडे

माघ अर्धा सरला की पुण्यात दुपारचे ऊन जाणवू लागते, पहाटेचा गारवा मात्र टिकून असतो, आणि याच दिवसांत घरच्या टाकीतले मासे व अंगणात, बाल्कनीत येणारे पक्षी विणीच्या तयारीला लागतात. या हंगामासाठी दुकानांत पुष्कळ सामान मांडलेले दिसते: रंगीत दिवे, पिल्लांसाठी प्लॅस्टिकच्या पेट्या, पाण्याच्या उलट्या टांगायच्या बाटल्या, शोभेची घरटी. त्यातले बहुतेक घेतले नाही तरी चालते. ज्या दोन स्वस्त वस्तूंवाचून मात्र माझा फाल्गुन-चैत्र पार पडत नाही, त्यांचे हे परीक्षण आहे. दोन्हींचे काम पाण्याशी निगडित आहे. पाणी पिल्लांना आणि पक्ष्यांना मानवेल असे राहते की नाही, एवढ्याच कसोटीवर मी त्यांच्याकडे पाहिले आहे.

स्पंज फिल्टरची रचना अगदी साधी असते. छिद्रे असलेल्या पोकळ गाभ्याभोवती स्पंज बसवलेला असतो आणि गाभ्यातून एक नळी वर जाते. एअर पंपाची हवा या नळीत सोडली की बुडबुडे वर चढतात, त्यांच्याबरोबर पाणीही वर ओढले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी टाकीतले पाणी चहूबाजूंनी स्पंजमधून आत शिरते. पाण्यात फिरणारा पंखा नाही, मोटर नाही. मोटरच्या फिल्टरच्या तोंडाशी नुकती पोहायला लागलेली पिल्ले खेचली जातात आणि सकाळी टाकी रिकामी दिसते, हा मासे पाळणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असतो. स्पंज फिल्टरची ओढ इतकी सौम्य आणि पसरलेली असते की गप्पीचे एका दिवसाचे पिल्लूसुद्धा स्पंजला टेकून निवांत राहते. इतकेच नव्हे, स्पंजवर साठलेला सूक्ष्म जीवांचा थर पिल्ले दिवसभर टिपत असतात. विणीच्या टाकीसाठी या वस्तूला माझी पहिली पसंती याच कारणासाठी आहे.

पाणी शुद्ध करण्याचे तिचे मुख्य काम मात्र गाळ अडवण्याचे नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो पिल्लांना फार लवकर मारतो, आणि स्पंजच्या छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती स्थिरावायला 4 ते 6 आठवडे लागतात. त्यामुळे हा फिल्टर ऐन हंगामात विकत आणून त्याच दिवशी अंड्यांच्या टाकीत बसवण्यात अर्थ नाही. तो पौषातच आणावा, मोठ्या चालू टाकीत एका कोपऱ्यात चालवत ठेवावा आणि जोडी सोडण्याच्या वेळी उचलून छोट्या टाकीत न्यावा. धुताना नळाच्या पाण्याखाली कधीही धरू नये, कारण त्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते. टाकीतून काढलेल्याच पाण्याच्या बादलीत दोन-चार वेळा दाबून काढला की पुरे होते. बाहेर पडणारे पाणी काळपट तपकिरी असते, आणि ते पाहून स्पंज पार पांढरा होईपर्यंत पिळत राहण्याचा मोह आवरावा.

झेब्रा डॅनिओच्या विणीत या फिल्टरचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. हा मासा आपल्याच देशातला आहे. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. नर सडपातळ, सोनेरी झाक असलेला. मादी चंदेरी आणि पोटाने भरलेली. दोघांना काही दिवस वेगळे ठेवून चांगले खाऊ घालावे, मग संध्याकाळी 15 सेंटिमीटर पाण्याच्या टाकीत एकत्र सोडावे. तळाशी काचेच्या गोट्यांचे दोन थर पसरावेत, कारण हे मासे स्वतःचीच अंडी खातात आणि गोट्यांच्या फटींतून खाली गेलेली अंडी तेवढी वाचतात. विण होते ती पहिल्या उजेडाला. माझी टाकी पूर्वेच्या खिडकीजवळ आहे. समोरच्या गच्चीवरच्या अँटेनावर दयाळाने शीळ सुरू केली की थोड्याच वेळात नर मादीच्या कुशीला लागून गोट्यांवरून धावू लागतो, क्षणभर दोघे अंग थरथरवतात आणि धुळीच्या कणांएवढी पारदर्शक अंडी खाली झिरपताना दिसतात. दयाळाला आणि झेब्राला तोच उजेड जागा करतो, हे एका खिडकीतून पाहायला मिळावे याचे मला दरवर्षी अप्रूप वाटते.

विण झाली की जोडी काढून घ्यावी आणि फिल्टर अगदी मंद ठेवावा. 28 अंशांच्या सुमारास अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, पिल्ले आधी काचेला चिकटून राहतात आणि नंतर पोहू लागतात. तेव्हा त्यांना इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, आणि पुढे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या चिमुकल्या जीवाची, नुकती फुटलेली पिल्ले द्यावीत. आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात, भरपूर हवा आणि उजेड देऊन ठेवली तर साधारण एका दिवसात फुटतात. त्यासाठी वेगळा पंप घेण्याची गरज नसते, त्याच पंपाची दुसरी नळी बाटलीत सोडता येते.

फायटर माशाच्या बाबतीत मात्र या फिल्टरची मर्यादा उघड होते. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, पडलेली अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि एक-दोन दिवस त्यांची राखण करतो. फिल्टरचे मोठे बुडबुडे वर येऊन फुटले की पाणी हलते आणि ते घरटे विस्कटते. म्हणून पिल्ले मोकळी पोहू लागेपर्यंत फिल्टर बंद ठेवणे किंवा नियंत्रक चावीने हवा जवळजवळ तोडणे भाग पडते, आणि बाजारात मिळणाऱ्या अनेक संचांत ही चावी दिलेलीच नसते. ती वेगळी घ्यावी. तिच्याबरोबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडपही, अवश्य घ्यावा, कारण वीज गेली की टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते. उन्हाळ्यातल्या भारनियमनाचा अनुभव असणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. आणखी दोन उणिवा नोंदवतो: नवा स्पंज पाण्याखाली नीट पिळून हवा काढेपर्यंत तरंगतो, आणि स्वस्त फिल्टरचे रबरी चूषक थोड्याच दिवसांत कडक होऊन काच सोडतात. बुडाशी वजन असलेला नमुना मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा.

पिल्लांसाठी टाकीत अडकवायची प्लॅस्टिकची पेटी मी सुचवणार नाही. गप्पी किंवा मोलीच्या गाभण मादीला त्या अरुंद जागेत कोंडले की ती घाबरते, पेटीत पाणी खेळत नाही आणि पिल्ले आजारी पडतात. त्याऐवजी जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट पुंजका आणि स्पंज फिल्टर असलेली छोटी टाकी केव्हाही चांगली.

दुसरी वस्तू म्हणजे पक्ष्यांसाठी कुंभाराकडचे मातीचे पसरट भांडे. चकचकीत लेप नसलेले, सुमारे 35 सेंटिमीटर रुंदीचे आणि उथळ भांडे निवडावे. कडेला पाणी 2 सेंटिमीटर आणि मध्यभागी फार तर 5 सेंटिमीटर असले की बुलबुलापासून साळुंकीपर्यंत सगळे त्यात उतरतात. माती सच्छिद्र असल्याने पाणी झिरपत राहते आणि बाष्पीभवनामुळे ते मार्चच्या दुपारीही गार राहते, आणि खडबडीत तळावर पक्ष्यांचे पाय घसरत नाहीत. उलट्या बाटलीच्या प्लॅस्टिक भांड्यात पाणी तापते, शिवाय त्यात अंघोळ करता येत नाही. पक्ष्यांना पिण्याइतकीच अंघोळीचीही गरज असते. लालबुड्या बुलबुल आधी कडेवर बसून मान वळवून चारही बाजूंचा कानोसा घेतो, मग छाती टेकवतो आणि पंखांनी पाणी पाठीवर उडवतो; हे सगळे काही क्षणांत उरकून तो जवळच्या फांदीवर पिसे साफ करायला बसतो. ती जवळची फांदी महत्त्वाची आहे. भांडे झुडपाच्या अगदी खाली ठेवले तर मांजराला दबा धरायला जागा मिळते, आणि पार उघड्यावर ठेवले तर पक्षी उतरायला कचरतात. झुडपापासून दोनेक मीटरचे अंतर योग्य ठरते.

या भांड्याला रोजची निगा लागते. पाणी दररोज बदलावे म्हणजे डासांच्या अळ्या होत नाहीत, आणि आठवड्यातून एकदा नुसत्या काथ्याने घासावे. साबण वापरू नये. मातीवर क्षारांचे पांढरे डाग आणि हिरवे शेवाळ लवकर येते. काहींना ते खटकते, पक्ष्यांना डागांचे काही वाटत नाही, शेवाळ मात्र वेळेवर काढलेच पाहिजे. सोसायटीत राहणाऱ्यांनी भांडे कठड्यावर कधीही ठेवू नये, कारण पाण्यासह त्याचे वजन बरेच होते आणि ते खाली कोणाच्या डोक्यात पडू शकते.

शिंजीर मात्र या भांड्याकडे क्वचितच वळतो. त्याला ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करायला आवडते, म्हणून सकाळी कर्दळीच्या आणि हमेलिया या फुलझाडाच्या पानांवर पाणी शिंपडावे. हिवाळ्यात पिवळट दिसणारा आणि गळ्यावर गडद पट्टा मिरवणारा नर या दिवसांत निळ्या-जांभळ्या चमकदार पिसांचा होतो, आणि हमेलियाच्या केशरी, नळीसारख्या फुलांवर तो आला की उन्हात त्याचा रंग क्षणाक्षणाला बदलतो. साखरेच्या पाण्याची बाटली त्याच्यासाठी घेऊ नये, फुलझाड लावावे. त्या झाडाला खत म्हणून टाकीतून काढलेले पाणी घालावे, कारण जिवाणूंनी अमोनियापासून केलेले नायट्रेट झाडांना हवेच असते. टाकीत औषध किंवा मीठ घातले असेल तेव्हा मात्र हे पाणी झाडांना घालू नये.

खरेदीविषयी थोडे. स्पंज फिल्टर कोणत्याही मत्स्यदुकानात काहीशे रुपयांच्या आत मिळतो, भांडे त्याहूनही स्वस्त. ज्या दुकानात आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात विकायला ठेवलेले दिसतील तेथून काहीही घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि फिल्टर घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवावे की वाढलेली पिल्ले तो परत घेईल का. झेब्राची एक मादी एका पहाटे शंभरावर अंडी घालू शकते, एवढ्या पिल्लांना घरात जागा नसते, आणि गप्पी असोत की आणखी कोणते पाळीव मासे, ते विहिरीत, ओढ्यात किंवा नदीत सोडून देता कामा नयेत.