स्पोर्ट्‌स कारमध्ये नेव्हिगेशन स्टिरिओ: फोन, नवं युनिट की मूळ पडद्यालाच जोड?

स्पोर्ट्‌स कारला बाहेरचा नेव्हिगेशन स्टिरिओ बसवायचा ठरला की शोधाशोध पडद्याच्या इंचांपासून सुरू होते. सात की नऊ, वायरलेस आहे का, रॅम किती. मी म्हणेन, आधी डॅशबोर्डातली खाच बघा. कुठला पर्याय तुमच्या कामाचा, हे निम्मं तिथेच ठरतं आणि उरलेलं निम्मं खाचेमागच्या वायरिंगमध्ये. साध्या हॅचबॅकला हा विचार फारसा करावा लागत नाही, कारण तिच्यासाठी फ्रेम आणि हार्नेस (प्लगसकट वायरांचा जुडगा) तयार मिळतात. स्पोर्ट्‌स कारचा डॅशबोर्ड मात्र ड्रायव्हरभोवती वळवलेला आणि कमी जागेत कोंबलेला असतो. घोडं पेंड खातं ते तिथे.

खाच काय सांगते

डिन हे गाडीतल्या रेडिओच्या खाचेचं ठरलेलं माप. सिंगल डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन त्याच्या दुप्पट उंचीचं, १८० बाय १००. खाच डबल डिनची असेल तर निवडीला भरपूर वाव आहे. टोयोटाच्या काही गाड्यांत खाच २०० मिलिमीटर रुंद असते, म्हणून नवं युनिट बसल्यावर दोन्ही बाजूंना फट राहते. त्यासाठी पट्ट्या मिळतात, पण त्या वेगळ्या मागवाव्या लागतात आणि नेमक्या ऑर्डर करताना विसरल्या जातात.

होंडा एस२००० चं प्रकरण वेगळं. तिथे सिंगल डिन रेडिओ एका झाकणामागे लपवलेला आहे आणि ते झाकण हा त्या डॅशबोर्डाचा अर्धा देखणेपणा. पडदा बाहेर सरकून उभा राहणारं युनिट तिथे बसवलं तर झाकण कायमचं उघडं. माझदा आरएक्स-८ मध्ये चौकोनी खाचच नाही. रेडिओ पॅनलमध्ये गुंफलेला आहे, त्यामुळे पूर्ण पॅनल बदलणारा किट घ्यावा लागतो. अशा गाडीत ‘कुठलाही डबल डिन चालेल’ असं कोणी ठामपणे सांगितलं, तर त्यानं ते पॅनल बहुधा कधी उघडलेलं नाही.

लांबी-रुंदीइतकीच खोली मोजा. मागे एसीच्या नळ्या, लोखंडी पट्टी आणि हार्नेसचा जुडगा असतो. सीडी नसलेली युनिटं आखूड असतात आणि इथे ती फार कामाला येतात. शेवटी गिअर: गाडी पहिल्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये टाकून बघा की मूठ पडद्याच्या किती जवळ जाते. पुढे आलेला नऊ इंची तरंगता पडदा फोटोत झकास दिसतो, पण तो एसीची जाळी किंवा हॅझर्डचं बटण झाकत असेल तर पहिल्याच पावसात त्याचा वैताग येतो.

पहिली वाट: फोन आणि स्टँड

याला हसू नका. नकाशे कायम ताजे, रहदारी दिसते, गाडीला एक स्क्रूही लागत नाही आणि गाडी विकताना सगळं मूळ अवस्थेत राहतं. जुनी, जपलेली, मूळ रेडिओसह किमतीची गाडी असेल तर मी हाच पर्याय आधी तपासेन.

अडचणी दोन. पहिली ऊन. आयफोनसाठी ॲपलनं सांगितलेली वापराची मर्यादा भोवतालच्या ३५ अंश सेल्सिअसची आहे. उतरत्या काचेखाली, छत उघडं ठेवून, चार्जिंगवर लावलेला फोन ती सहज ओलांडतो. मग पडदा अंधुक होतो, चार्जिंग थांबतं आणि नेमकं वळण येतं तेव्हा इशारा झळकतो. स्टँड काचेवर न लावता एसीच्या जाळीवर लावला तर बराच फरक पडतो. दुसरी अडचण आवाज. इंजिन, टायर आणि वारा यांच्या गलक्यात फोनचा स्पीकर कुठेच ऐकू येत नाही, त्यामुळे तो जुन्या रेडिओला ब्लूटूथ किंवा ऑक्सनं (हेडफोनसारख्या पिनेच्या वायरनं) जोडावा लागतो. जुन्या रेडिओला यांतलं काहीच नसेल तर या पर्यायाचा निम्मा दम तिथेच संपतो.

दुसरी आणि तिसरी: कारप्लेवालं युनिट, की स्वतःचे नकाशे असलेलं

ही खरी लढत आहे. फोनवरचे नकाशे आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणणारं ॲपल कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड फोनसाठीचं अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये, आणि तेव्हापासून युनिटच्या पोटात नकाशे असण्याची गरज झपाट्यानं कमी होत गेली. तुम्ही रोज जो नकाशा फोनवर वापरता तोच पडद्यावर येत असेल, तर दुसरा नकाशा कशाला सांभाळायचा?

पोटातल्या नकाशाचं वय लपत नाही. रस्ते बदलतात, अपडेटसाठी पैसे मोजावे लागतात आणि काही वर्षांनी कंपनी अपडेट काढणंच थांबवते. घड्याळसुद्धा दगा देतं. जीपीएसमध्ये आठवडे ० ते १०२३ असे मोजले जातात आणि मग मोजणी शून्यावर येते; असा फेरा ६ एप्रिल २०१९ ला संपला आणि ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय नव्हती ती जुनी उपकरणं तारखेत गोंधळली. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि ॲक्युराच्या काही जुन्या नेव्हिगेशनवाल्या गाड्यांची घड्याळं थेट २००२ दाखवू लागली होती. म्हणजे पोटात नकाशा घेतलात की त्याच्यासोबत एक म्हातारा होत जाणारा संगणकही घेतलात.

तरी एका माणसाला मी स्वतःचे नकाशे असलेलं युनिटच सुचवेन: ज्याचं फिरणं डोंगराळ, रेंज नसलेल्या रस्त्यांवर आणि लांब बोगद्यांतून आहे. फोनवर नकाशा आधी उतरवून ठेवता येतो हे खरं, पण त्यात ताज्या रहदारीची माहिती नसते आणि आपण नेमका हवा तो भाग उतरवायला विसरतो. बोगद्यात तर प्रश्न रेंजचा नाहीच, उपग्रहांचा आहे. चांगल्या युनिटला गाडीच्या वेगाचा सिग्नल देणारी वायर जोडता येते. बऱ्याच हार्नेसमध्ये ती गुलाबी असते. ती जोडली असेल आणि आत जायरो (वळणं ओळखणारा सेन्सर) असेल, तर उपग्रह दिसेनासे झाले तरी चाकं किती फिरली आणि गाडी कुठे वळली यावरून युनिट जागा ओळखत राहतं. बोगद्यातच फाटा फुटत असेल तर याची किंमत कळते. बसवणारे ही वायर कंटाळा करून सोडून देतात. त्यांना आधीच बजावून ठेवा.

कारप्ले घेतलं तरी जीपीएसचा अँटेना लावाच. काही युनिटं स्वतःची जागा फोनला पुरवतात, त्यामुळे फोन खिशात किंवा कन्सोलच्या डब्यात असला तरी नकाशावरचा बाण भरकटत नाही. अँटेना डॅशबोर्डाच्या प्लॅस्टिकखाली चालतो, धातूखाली नाही. काही गाड्यांच्या काचेवर ऊन परतवणारा धातूचा थर असतो. तिथे आधी अँटेना नुसता ठेवून सिग्नल बघा, मगच चिकटवा.

टॅबलेटसारखी, संपूर्ण अँड्रॉइड चालवणारी स्वस्त युनिटं तिसरीच जमात. कागदावर त्यांच्याकडे सगळं असतं. प्रत्यक्षात गाडी चालू केल्यावर ती जागी व्हायला वेळ घेतात आणि आवाज कमी-जास्त करायला खरी गोल मूठ नसते. खाली बसलेल्या, कडक सस्पेन्शनवर हादरणाऱ्या ड्रायव्हरनं चालत्या गाडीत पडद्यावरचं बारीक बटण शोधायचं, हे मला पटत नाही. मूठ असलेलं युनिट घ्या, पडदा एक इंच लहान मिळाला तरी चालेल. छत उघडणारी गाडी असेल तर चकचकीत पडदा टाळा. उन्हात त्यात नकाशाऐवजी तुमचाच चेहरा दिसतो.

चौथी: मूळ पडदा ठेवून जोड देणं

गाडीला कंपनीचा पडदा आधीपासून असेल तर हा पर्याय सगळ्यांत वर ठेवा, विशेषतः जर्मन गाड्यांत. कारण साधं आहे: तिथला रेडिओ हा नुसता रेडिओ नसतो. पोर्श ९९७ (९११ ची एक पिढी) मध्ये कंपनीचं पीसीएम (पडदा, रेडिओ आणि नेव्हिगेशन एकत्र असलेलं युनिट) आणि बोस ॲम्प्लिफायर असेल तर आवाज तांब्याच्या तारेनं नव्हे, तर मोस्ट नावाच्या ऑप्टिकल फायबरच्या वर्तुळातून फिरतो. साखळीतली एक कडी काढली की वर्तुळ तुटतं आणि पलीकडचं सगळं मुकं होतं. साधं युनिट बसवून स्पीकर वाजणार नाहीत. त्यासाठी वेगळा इंटरफेस (नवं युनिट आणि मूळ वायरिंग जुळवणारा डबा) हवा किंवा ॲम्प्लिफायरसकट सगळं नवं. मूळ पडद्याला कारप्लेचा डबा जोडला की वर्तुळ जागच्या जागी राहतं. चित्राची स्पष्टता मूळ पडद्याइतकीच राहील, हे मात्र धरून चाला.

जुन्या पोर्शंसाठी कंपनीनंच वाट काढली आहे. २०२० मध्ये आलेलं पीसीसीएम हे जुन्या गाड्यांसाठीचं युनिट ३.५ इंची पडद्यासह सिंगल डिन खाचेत बसतं, आणि पीसीसीएम प्लस सात इंची पडद्यासह ९९६ (९११ ची जुनी पिढी) आणि ९८६ (पहिली बॉक्स्टर) साठी आहे. कारप्ले दोन्हींत मिळतं. स्वस्त नाही, पण बटणांचं रूप डॅशबोर्डाशी जुळतं, आणि जुन्या गाडीत तेवढ्यासाठीच लोक पैसे मोजतात. बाकी कंपन्यांच्या गाड्यांना ही चैन क्वचितच मिळते.

आवाजाबद्दल दोन आकडे

खोक्यावर ‘५० वॉट बाय ४’ लिहिलेलं असतं. हिशोब करा: इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट असतात. ४ ओहम रोधाच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ, न फाटलेला आवाज जास्तीत जास्त २६ वॉटच्या आसपास मिळू शकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. उघड्या छतात हायवेवर गाणं ऐकायचं असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर लागेल आणि तो खर्च आधीच धरा. मूळ बोस सिस्टिम असेल तर स्पीकरचा रोध ४ ओहमपेक्षा कमी असू शकतो; नवं युनिट त्यांना थेट जोडू नका, मूळ ॲम्प्लिफायरमधूनच न्या.

स्वतः बसवायचं की द्यायचं

डबल डिन खाच, मूळ ॲम्प्लिफायर नाही, तयार हार्नेस मिळतो: हे तिन्ही असेल तर स्वतः करा, मजा येते. बॅटरीचं ऋण टोक काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण पॅनलच्या आसपास एअरबॅगची कनेक्टरं असू शकतात. ती सुटलेली असताना चावी फिरवली की डॅशवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. मूळ रेडिओला कोड असेल तर बॅटरी काढण्याआधी तो शोधून ठेवा. मूळ हार्नेसची एकही वायर कापू नका. जोड सगळे ॲडॉप्टरच्या बाजूला करा. हँडब्रेकची वायर गाडीच्या धातूच्या सांगाड्याला (अर्थला) जोडून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू ठेवण्याची युक्ती कोणीतरी सुचवेलच. ती नको.

ऑप्टिकल फायबर, स्टिअरिंगवरची बटणं कॅन बसवर (गाडीतले संगणक जोडणाऱ्या डेटा वायरवर), मूळ ॲम्प्लिफायर, यांतलं काहीही असेल तर तुमच्याच मॉडेलवर हे काम केलेल्या माणसाकडे गाडी द्या. त्याला विचारायचा प्रश्न एकच: ‘या गाडीसाठी कुठला इंटरफेस वापरणार?’ उत्तरात मॉडेलचं नाव आलं तर ठीक, ‘बघू, होऊन जाईल’ आलं तर गाडी परत आणा.

पॅनल शेवटचं दाबून बसवण्याआधी सगळं चालवून बघा: रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, रात्रीचा मंद प्रकाश, छत उघडं ठेवून फोनवर बोलणं. मायक्रोफोन पडद्याजवळ असेल तर वाऱ्यात समोरच्याला काही ऐकू जात नाही. तो स्टिअरिंगच्या खांबावर सरकवा.

मग गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्ध्या तासानं बॅटरीवर मीटर लावा. साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या खाली आकडा असायला हवा. स्पोर्ट्‌स कार आठवडेच्या आठवडे उभी असते, म्हणून हे महत्त्वाचं. झोपायचं नाव न घेणारं युनिट २०० मिलिॲम्पिअर खात असेल तर दिवसाला ४.८ ॲम्पिअर-तास गेले. ६० ॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन आठवडेही पुरत नाही. आकडा जास्त आला तर लाल वायर चुकून सतत वीज असलेल्या जागी जोडली गेली आहे का ते आधी बघा. पिवळीला सतत १२ व्होल्ट हवेत, लालला फक्त चावी फिरवल्यावर.