विश्वासू कारभारी होताना : मंडळीतील घरखर्च वर्गाचा अनुभव

आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, कुटुंबांसाठी चालवलेला सहा आठवड्यांचा घरखर्च वर्ग मी पत्नीसह पूर्ण केला. पैसा आपल्या मालकीचा नसून देवाने सोपवलेला आहे आणि आपण केवळ कारभारी आहोत, या एका विचारावर सारी मांडणी उभी आहे.

सर्वांत मोलाचा ठरला तो कर्जावरचा आठवडा. बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकात (२२:७) ऋण घेणारा ऋण देणाऱ्याचा दास होतो असे म्हटले आहे. त्याचा अर्थ शिक्षकांनी आकड्यांत उलगडला. वार्षिक २४ टक्के चक्रवाढ व्याजाने थकलेली रक्कम तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट होते, हे फळ्यावर पाहिल्यावर त्याच रात्री आम्ही दोघांनी आपली सर्व देणी प्रथमच एका कागदावर मांडली. इतकी वर्षे हे आम्ही एकमेकांपासून लपवत होतो, याचे मला अजून वाईट वाटते.

बचतीसाठी बायबलमधील योसेफाने सुकाळात धान्याचा पाचवा हिस्सा राखल्याचे उदाहरण घेतले होते, तेही समर्पक होते.

दशांशाचा भाग मात्र मला अपुरा वाटला. मिळकतीचा दहावा भाग देवासाठी प्रथम बाजूला काढावा, हे ठामपणे सांगितले गेले. परंतु ज्या घरात औषधांचे पैसेही पुरत नाहीत, तिथे काय करावे, या एका भगिनीच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही. देणे कुरकुरत किंवा बळजबरीने नसावे, असे प्रेषित पौल बायबलमधील आपल्या पत्रात करिंथकरांस लिहितो. चर्चा तिथून सुरू व्हायला हवी होती.

नवविवाहितांनी हा वर्ग अवश्य करावा, मात्र दोघांनी मिळून.